हा चैनीचा प्रश्न नव्हे

भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तरीही त्याविषयी आपल्या घरांत अद्याप दबक्या आवाजातच बोलले जाते. शस्त्रक्रियेत स्तन गमावून परतलेल्या स्त्रीला तर "जीव वाचला, मग आणखी काय हवे?" असा प्रश्न ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण चारचौघींत पदर सावरीत वावरणाऱ्या त्या स्त्रीचे दुःख त्याने झाकले जाते, हलके होत नाही.

काढलेल्या स्तनाची पुनर्रचना करता येते, ही काही नवलाची गोष्ट उरलेली नाही. पाठीचा स्नायू व त्वचा वळवून छातीची जखम झाकण्याची पद्धत इटलीतील शल्यविशारद तान्सिनी यांनी १९०६ साली मांडली. सिलिकोनचे रोपण १९६२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, आणि ओटीपोटावरील चरबी व त्वचा वापरण्याची पद्धत १९८२ नंतर रूढ झाली. ही शस्त्रक्रिया स्तन काढतानाच होऊ शकते, किंवा किरणोपचार आटोपल्यावर सवडीनेही. तिच्यामुळे रोग उलटतो, ही समजूत निराधार आहे.

हे सारे श्रीमंतांचे नखरे, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून वगळण्याची मुभा दिली, तेव्हा अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा स्पष्ट अपवाद केला. नियमाने जे मान्य केले, ते समाजाने का मानू नये?

सिल्वासासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी परकी सत्तेतून मुक्त झालेल्या या गावात आज विनोबांच्या नावाचे रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोठ्या उपचारांसाठी वापीहून गाडी धरून मुंबईचे टाटा रुग्णालय गाठणे कित्येकांना अटळ असेल. परंतु माहितीसाठी तरी मुंबईची वाट पाहावी लागू नये. स्तन वाचविता येईल काय, पुनर्रचना आता करावी की पुढे, की काहीच न करता चोळीत कृत्रिम स्तन वापरावा, हे शस्त्रक्रियेपूर्वीच, एखाद्या परिचारिकेने, वारली वा कोकणा भगिनीला तिच्याच बोलीत समजावून सांगितले पाहिजे. याला इमारत लागत नाही, यंत्रही लागत नाही.

पुनर्रचना प्रत्येकीने करून घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. नको म्हणणारीचा निर्णयही तितकाच मानाचा आहे. मात्र तो तिचा असावा. पतीचा, सासूचा वा घाईत असलेल्या डॉक्टरांचा नसावा. पर्याय ठाऊकच नसलेल्या स्त्रीचे मौन ही तिची संमती समजण्याची आपली रीत आता तरी सुटावी.