साफसफाईनंतर कॉम्प्युटर चालूच होत नाही? आधी हे तपासा

धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा बाजारातल्या दुकानात गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर असेल, तर त्याच्या पंख्यांवर धूळ साचणारच. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी कॅबिनेट उघडतं, ब्लोअर मारतं, फडकं फिरवतं. झाकण लावून बटण दाबलं, तर ना पंखा फिरतो ना लाइट लागतो. आणि आत असतो वर्षभराचा उधारीचा आणि जीएसटीचा हिशोब.

साफसफाईआधी नीट चालणारा कॉम्प्युटर नंतर चालू होत नसेल, तर बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं, एखादी पिन किंवा वायर हललेली असते. हिशोब हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो. कॉम्प्युटर चालू झाला नाही म्हणजे तो पुसला गेला, असं नाही.

आत ओल गेली असेल तर

ओलं फडकं किंवा स्प्रे वापरला असेल, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्लग काढा आणि किमान एक दिवस कोरडं होऊ द्या.

कॅबिनेट न उघडता

ज्या सॉकेटमध्ये प्लग आहे, तिथे मोबाइल चार्जर लावून वीज येते का बघा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर छोटा स्विच असतो. पुसताना तो सहज बंद होतो. उभ्या रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, गोलाची दाबलेली असेल तर बंद. पॉवर केबल घट्ट बसवा. बऱ्याच मॉनिटरची केबल तशीच असते, ती लावून बघा.

कॅबिनेट उघडल्यावर

आधी प्लग काढा, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. यामुळे आत उरलेली वीज आणि अंगावरची स्थिर वीज कमी होते. मग हे बघा:

- मदरबोर्डवरचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबा.
- पुढच्या पॉवर बटणाच्या दोन बारीक वायरी फडक्यात अडकून निघतात. त्या जागेवर बसवा. बटणच खराब वाटत असेल, तर त्या पिनांवर रीसेट बटणाच्या वायरी लावा आणि रीसेट दाबून बघा.
- एखादा स्क्रू मदरबोर्डवर पडला असेल तर शॉर्ट होतो. टॉर्च लावून शोधा.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी?

मग पहिला संशय रॅमवर. प्लग काढून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी कोरड्या खोडरबरने हलकेच पुसा आणि क्लिप लागेपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा.

कुठे थांबायचं?

जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा एमसीबी पडला, तर प्लग काढून मेकॅनिककडे जा. एसएमपीएस घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ हे आधीच सांगा. मदरबोर्ड किंवा एसएमपीएस बिघडला, तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते आणि बहुतेक वेळा हिशोब परत मिळतो.

पुढच्या साफसफाईआधी पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या, आतल्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पंखा वेगाने फिरला, तर त्याच्या बेअरिंगला इजा होऊ शकते.