दोन चलांतील रेषीय असमानता : उकल, आलेख आणि अध्यापन

प्रस्तावना :
गणिताच्या अध्यापनात समीकरणांना जे स्थान मिळते, ते असमानतांना मिळत नाही. व्यवहारातील मर्यादा मात्र ‘नेमके इतकेच’ अशा नसून ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ याच भाषेत मांडल्या जातात. लिनियर प्रोग्रॅमिंग शिकताना विद्यार्थ्यांना आलेखाची रीत पाठ असते. परंतु तिचे कारण ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात ते कारण स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
२क्ष + य = ८ या समीकरणाच्या सर्व उकली एका सरळ रेषेवर असतात. २क्ष + य ≤ ८ या असमानतेच्या उकली म्हणजे ती रेषा व तिच्या एका बाजूचे संपूर्ण अर्धप्रतल होय. चिन्ह < किंवा > असल्यास सीमारेषा उकलीत येत नाही, म्हणून ती तुटक काढतात. अन्यथा अखंड काढतात.

एकच बिंदू का पुरतो ?
योग्य बाजू ठरविण्यासाठी आरंभबिंदूच्या किमती घातल्या जातात. ०, ८ पेक्षा लहान असल्याने आरंभबिंदूची बाजू छायांकित होते. एका बिंदूवरून अनंत बिंदूंचा निर्णय कसा होतो ? रेषेच्या एका बाजूस २क्ष + य ची किंमत कोठे ८ पेक्षा कमी व कोठे जास्त असती, तर अशा दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडावर ती कोठेतरी बरोबर ८ झाली असती. तो बिंदू सीमारेषेवर असावयास हवा. परंतु हा रेषाखंड सीमारेषेला छेदतच नाही. म्हणून संपूर्ण बाजूचा निर्णय एकच असतो.

सीमारेषा आरंभबिंदूतून जात असल्यास, उदा. य ≥ २क्ष, दुसरा बिंदू घ्यावा. (१, ०) घातल्यास ० ≥ २ हे असत्य ठरते. म्हणून विरुद्ध बाजू घ्यावी. ‘मोठे म्हणजे रेषेच्या वर’ हा समजही फसवा आहे. क्ष − य > २ म्हणजेच य < क्ष − २. चिन्ह ‘पेक्षा मोठे’ असूनही उकल रेषेच्या खाली आहे. ऋण संख्येने गुणल्यावर चिन्ह उलटते, हे येथे विसरले जाते.

उपयोजन :
समजा, शेतकऱ्याकडे ५ एकर जमीन व ४८,००० रुपये आहेत. कापसास एकरी १२,००० व तुरीस ६,००० रुपये खर्च येतो. कापूस क्ष एकर व तूर य एकर मानल्यास क्ष + य ≤ ५, २क्ष + य ≤ ८, क्ष ≥ ० आणि य ≥ ० अशा मर्यादा मिळतात. चारही अर्धप्रतलांचा सामाईक भाग हा चौकोन असून त्याचे शिरोबिंदू (०, ०), (४, ०), (३, २) व (०, ५) आहेत. एकरी नफा अनुक्रमे १५,००० व १०,००० रुपये मानल्यास शिरोबिंदूंवरील नफा ०, ६०,०००, ६५,००० व ५०,००० रुपये येतो. समान नफ्याची रेषा स्वतःशी समांतर सरकवीत नेल्यास ती या क्षेत्राला शेवटी (३, २) येथे स्पर्श करते. केवळ कापूस किंवा केवळ तूर यांपेक्षा दोन्हींचे मिश्रण लाभदायक ठरते.

जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली ७७ खाद्यपदार्थ व ९ पोषकघटक घेऊन किमान खर्चाच्या आहाराचा प्रश्न मांडला. त्यांचे उत्तर वर्षाला ३९.९३ डॉलर होते. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांच्या सिंप्लेक्स पद्धतीने ते ३९.६९ डॉलर आले. ७७ चलांचा आलेख काढता येत नाही. तरीही शिरोबिंदूंचे तत्त्व तेच राहते.

निष्कर्ष :
छायांकन ही आलेखाची सजावट नसून तीच उकल आहे. बाजू निवडण्यामागील कारण प्रथम आणि रीत नंतर, या क्रमाने अध्यापन झाल्यास पुढील विषय विद्यार्थ्यांना सुगम होईल.