विषय क्रमांक एक



तुमच्या सोसायटीची, दूध संस्थेची किंवा बचत गटाची शेवटची सभा आठवा. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, थकबाकी यांत दोन तास गेले. मग 'ऐनवेळचे विषय'. तेव्हा कोणी नवी गोष्ट सुचवली, की मंडळी चपला शोधू लागतात.

उर्से गावी मी हेच पाहिले. द्रुतगती मार्ग आणि कारखाने आल्यापासून तेथली भातखाचरे कमी झाली. उरली त्यांत बहुतेक इंद्रायणी. गटातील एका सूनबाईंनी सुचवले, भात व्यापाऱ्याला घालण्याऐवजी कमी पॉलिशचा तांदूळ किलोच्या पिशव्यांतून विकू या. "आजवर कोणी केलंय का?" अध्यक्षीणबाईंनी विचारले. साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, शेतकीचा पदवीधर, म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." दोन वर्षे वाया गेली. तो दोष माझा.

गंमत अशी, की तो तांदूळच प्रयोगातून जन्मलेला! जवळच्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला. आंबेमोहराला वास उत्तम, पण ताट उंच. पावसावाऱ्यात लोळायचे, उतारा कमी. आयआर-८ हे फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, १९६६ सालचे. बुटके, भरघोस, पण बिनवासाचे. अशा संकराच्या दुसऱ्या पिढीत नाना तऱ्हेची रोपे निघतात. नको ती काढायची, हवी ती पुन्हा पेरायची, असे पिढ्यामागून पिढ्या. १९८७ मध्ये इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती आले. टाकून दिलेल्या रोपांबद्दल तेथे कोणी कोणाला जाब विचारत नाही. असा प्रयोगाचा तुकडा तुमच्या संस्थेने राखला आहे काय?

अखेर गटाने ठराव लिहिला. प्रयोगाला पाच क्विंटल भात; ते बुडाले तरी कोणी बोल लावायचा नाही. मुदत एक हंगाम, हिशेब वेगळ्या वहीत. आणि काम सूनबाईंकडेच. सुचवणाऱ्याच्या हातून काम काढून 'जाणत्या'कडे दिले, की उमेद मरते, हे मी अनेक संस्थांत पाहिले आहे.

पहिल्याच खेपेस पिशव्यांत सोंडे झाले. कारण वहीत सापडले: ढगाळ हवेत भात एकच दिवस वाळवले होते. ओलावा १४ टक्क्यांच्या वर राहिला, की कीड आणि बुरशी आलीच. पुढे ते १२-१३ टक्क्यांवर आणले. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. शिवाय कमी पॉलिशच्या तांदळाला कोंड्याचे तेल राहते, तो लवकर खवट होतो. म्हणून सगळे एकदम भरडायचे नाही. भातच साठवायचे आणि मागणीप्रमाणे दरमहा गिरणीत न्यायचे. क्विंटलभर भाताचा साधारण साठ-पासष्ट किलो तांदूळ धरून, भरडाई, पिशवी, वाहतूक मिळवून भाव ठरला. स्वतःची मजुरी धरायला बायका तयार नव्हत्या. "घरचंच काम की, साहेब!" तेथे मात्र मी हटून बसलो.

गिऱ्हाईक कोण? ज्या कारखान्यांपायी खाचरे गेली, तेथे कामाला जाणाऱ्या घरच्याच मुलांचे सोबती.

मागच्या महिन्यात सभेचा विषय क्रमांक एक होता, भरडताना निघणाऱ्या कणीचे काय करावे. एकीने पिठी सुचवली, दुसरीने पापड्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आधी पाच किलोच्या करा, आणि वहीत लिहा."