लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा येतात तेव्हा

“वहिनी, आज परत आल्या हो त्या रेघा!” धाकट्या जावेचा फोन आला की गेले दोन महिने पहिलं वाक्य हेच. ती घरबसल्या दहावीच्या मुलांना लॅपटॉपवरून गणित शिकवते. ऐन शिकवणीत पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा उमटायच्या, अर्धा पडदा थरथरायचा आणि पाच मिनिटांनी सगळं आपोआप ठीक! रात्री भावजी पाहायला बसले की पडदा कसा लख्ख. “तुझे डोळे तपासून घे एकदा,” इति भावजी. दुकानात नेला, तर तिथेही तेच. डॉक्टरांच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा, तसं. दुकानदारानं मात्र उघडूनही न पाहता सांगून टाकलं, “मदरबोर्ड गेलाय बाई, १४ हजार लागतील.” शिकवणीची दोन महिन्यांची कमाई ती!

भगिनींनो, कायमचं बंद पडलेलं यंत्र परवडलं, पण हे अधूनमधून रुसणारं नको. एक तर आपलं म्हणणं कुणाला पटत नाही, आणि खरं दुखणं न कळताच भलताच भाग बदलला जातो. म्हणून पैसे मोजण्याआधी घरच्या घरी थोडा छडा लावायचा. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, वही लागते.

जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दर वेळची नोंद करा: किती वाजता झालं, लॅपटॉप सुरू करून किती वेळ झाला होता, चार्जर लावला होता का, झाकण हललं का, कोणता प्रोग्रॅम उघडा होता. आणि रेघा दिसल्या की आधी मोबाइलवर त्यांचं चित्रण करून ठेवा. दुकानात लॅपटॉप शहाण्यासारखा वागला, तरी पुरावा आपल्या हाती राहतो.

आता आतली व्यवस्था समजून घेऊ. पडद्यावरचं चित्र ग्राफिक्स चिप तयार करते. तिला कामाला लावतो तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. तयार चित्र झाकणातल्या पडद्यापर्यंत नेते ती बिजागरीपाशी वळलेली एक नाजूक केबल. दोष चित्र तयार होताना आहे की ते पोचवताना, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

रेघा असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून पाहा. तिथेही रेघा दिसल्या, तर चित्रच खराब तयार होतंय. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलं, तर संशय केबलवर किंवा पडद्यावर. एचडीएमआयच्या वायरीनं लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडूनही हेच कळतं. दोन्हीकडे रेघा आल्या तर दुखणं आतलं, नुसत्या लॅपटॉपवर आल्या तर झाकणातलं. मग झाकण हळूहळू पुढे-मागे करून पाहा. एका ठरावीक कोनात रेघा येत-जात असतील, तर केबल पकडली गेलीच म्हणा.

आम्हा दोघींना इथेच स्वतःचं हसू आलं. शिकवताना ती आपला पडदा मुलांना दाखवत असे आणि एकाही मुलानं कधी रेघांची तक्रार केली नव्हती! म्हणजे चित्र चांगलंच तयार होत होतं. दोन महिने उत्तर समोर होतं, विचारायचं सुचलं नाही.

तुमच्याकडे दोष आतला निघाला, तरी लगेच धास्तावू नका. विंडोज असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि तेवढीच खिडकी स्थिर आहे, तर एखादा प्रोग्रॅम खोडी करतोय. तीही लुकलुकत असेल, तर बहुधा ड्रायव्हर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो. फक्त ब्राउझरमध्ये ठिपके दिसत असतील, तर त्याच्या सेटिंग्जमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा. पण विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं नाव झळकतं त्या वेळीही रेघा असतील, तर ड्रायव्हर निर्दोष.

अर्ध्या-पाऊण तासानं, पंखा घोंघावू लागल्यावरच रेघा येतात का? मग उष्णता. गादीवर नाही तर उशीवर लॅपटॉप ठेवायची सवय आधी सोडा. खालची हवेची जाळी कोंडते. पंख्यात साठलेली धूळ दुकानातून साफ करून घ्या. चिप वारंवार तापून-निवून तिच्याखालचे सूक्ष्म जोड तडकतात, ही काही आपल्याच घरची कथा नाही. २००८ साली एनव्हिडिया कंपनीनं आपल्या लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. २०११ सालच्या काही मॅकबुक प्रोंचे पडदे असेच विस्कटू लागले, तेव्हा २०१५ मध्ये अ‍ॅपलनं ते फुकट दुरुस्त करून द्यायला घेतले. म्हणून वॉरंटी संपली असली, तरी तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची अशी योजना आहे का, ते जरूर विचारा.

याच दुखण्यावर कुणी कुणी बोर्ड ओव्हनमध्ये भाजून काढायला सांगतात. ऐकू नका बाई! गुण आला तरी सहसा टिकत नाही, आणि ज्या ओव्हनमध्ये नानकटाई करायची, त्यात ते विषारी धूर कशाला?

दुकानात देण्याआधी फोटो, हिशेब, मुलांचे पेपर सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. वही आणि चित्रण दुकानदारापुढे ठेवा, आणि संशय केबलवर असेल तर आधी केबलच तपासायला सांगा. काढलेला भाग परत मागायला लाजू नका.

जावेनं दुसऱ्या दुकानात नेमकं असंच केलं. नवी केबल मजुरीसकट १२०० रुपयांत बसली. जुनी तिनं मागून आणली. बिजागरीपाशी तिचं आवरण पार खरवडलेलं होतं. रात्री ती तिनं भावजींच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “अगं, हे आधी सांगायचंस की!”