बोअर खोल गेला, पाणी का आले नाही?

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते, "बोअरचे पाणी कुठून येते?" बहुतेक मुलांचे उत्तर ठरलेले असते, "टीचर, जमिनीखाली नदी वाहते!"

मुलांना काय हसायचे? तीन वर्षांपूर्वी आमचा 200 फुटांचा बोअर फेब्रुवारीतच आटला, तेव्हा आम्हीही हेच समजून 450 फुटांचा दुसरा घेतला. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. वर आली ती नुसती दगडाची भुकटी.

जमिनीचा खिसा लहान

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या अखंड दगडात पाणी मुरत नाही. ते साठते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. शंभर लिटर मावतील एवढ्या अशा खडकातून आपल्या हाती येते जेमतेम एक ते तीन लिटर पाणी. खोल जावे तशा भेगा कमी आणि अरुंद होत जातात. म्हणून खोल बोअर नवे पाणी निर्माण करत नाही. कधी कधी तो शेजारच्या विहिरीचेच पाणी ओढतो.

हा खिसा भरतो फक्त पावसाने, आणि तोही हळूहळू. आधी मातीची तहान भागते, उरलेले पाणी खाली जाते. संथ पाऊस मुरतो, धो-धो कोसळलेला वाहून जातो. काळी माती कोरडी असताना तिच्या भेगांतून पाणी आत जाते. भिजून फुगली की त्या भेगा मिटतात. उघड्या उतारावर पाणी थांबत नाही, गवत आणि झाडे त्याला अडवतात. आणि अंगणात फरशी, गल्लीत काँक्रीट घातले की जमिनीचे तोंडच बंद होते.

जेवढे झिरपे, तेवढेच घ्यावे

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराच्या बाजूला मुरलेले पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. पंप नव्हता. जेवढे झिरपे, तेवढेच मिळे.

हाच हिशेब आपल्या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मांडला. गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे लावली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद पाहून पिके ठरवली.

आपल्या गच्चीवर काय पडते?

100 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते होतात 70,000 लिटर. आमचे हे सगळे पाणी गटारात जात होते. आम्ही गच्चीचा पाइप खाली वळवला. जुन्या बोअरभोवती खड्डा खणून त्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू भरली. पहिल्या एक-दोन सरींचे घाण पाणी बाहेर सोडतो. शोषखड्डा संडासाच्या टाकीपासून लांबच हवा, आणि सांडपाणी त्यात चुकूनही जाऊ देऊ नये. एकदा खालचे पाणी नासले की ते सुधारणे फार कठीण.

चमत्कार झाला नाही. पण फेब्रुवारीत आटणारा बोअर यंदा एप्रिलपर्यंत चालला. अब्बा म्हणाले, "बेटी, भरणारे आपण एकटे आणि उपसणारा सगळा मोहल्ला!" खरेच आहे. जमिनीखाली कुंपण नसते. तिथले पाणी सगळ्यांची अमानत आहे.

आमच्या मोहल्ल्यात सर्वांत मोठे छत मशिदीचे आहे. पावसाळ्यापूर्वी तिथेही पाइप वळवावा, अशी बोलणी सुरू झाली आहेत. तुमच्या मोहल्ल्यातले सर्वांत मोठे छत कोणाचे? त्यावरचे पाणी कुठे जाते, ते या पावसाळ्याआधी एकदा पाहून या.