तक्रार करा, पण अदबीने

अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या कारागीर बांधवांत एक गैरसमज आहे : ‘आपण धंदेवाले, ग्राहक कायदा आपल्यासाठी नाही.’ हे खरे नाही. पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेले शिलाई मशीन खराब निघाले, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. फेरविक्रीच्या मालाला मात्र तो लागू नाही.

प्रथम कंपनीला नरमाईने पत्र लिहा. बिल नंबर, तारीख, बिघाड आणि मागणी, एवढे पुरे. शिवीगाळ नको, तेच पत्र पुढे पुरावा ठरते. पोच जपून ठेवा. दाद न मिळाल्यास २ वर्षांच्या आत वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही.

पक्के बिल मागायला लाजू नका. आपल्या गिऱ्हाइकाला द्यायलाही नको.