वंशावळीचा शोध आणि मंडळीची दप्तरे

आपले पूर्वज मूळचे कोठले, हा प्रश्न घेऊन येणारा मनुष्य बहुधा प्रथम पाळकाच्याच दारी येतो. बेळगाव-निपाणी भागात या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या सीमाभागातील अनेक शेतकरी घराण्यांची वंशावळ हेळवी सांभाळीत आले. बैलावरून गावोगाव फिरून ते घराण्याचे मूळ स्थान व पिढ्यांची नावे सांगतात, नव्या मुलांची नावे नोंदवितात आणि धान्य-दक्षिणा घेऊन पुढे जातात. परंतु एखाद्या कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्याचा धागा या चोपडीतून तुटण्याचा संभव असतो. तेथून पुढे मंडळीचे रजिस्टर हीच त्या घराण्याची चोपडी होय. आणि ती राखण्याचे काम आपणांकडे आले आहे.

शोधाचा आरंभ घरातील वृद्धांपासून करावा. सन त्यांच्या स्मरणात नसले, तरी 'मोठा दुष्काळ', 'प्लेगचे साल' अशा खुणा असतात. १८७६-७८ व १८९९-१९०० चे दुष्काळ, १८९६ साली मुंबईत येऊन पुढे पसरलेला प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा यांवरून काळ अजमावता येतो. त्यानंतर कौटुंबिक पवित्र शास्त्रातील नोंदी, थडग्यांवरील लेख, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचे उतारे पाहावेत.

मंडळीचे दप्तर पाहताना तिचा इतिहास ठाऊक असावा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य १८२० साली सुरू झाले व १९०४ मध्ये ते मेथॉडिस्ट मिशनकडे गेले. त्या सोसायटीचे कागद लंडन येथील सोआस संस्थेत आहेत. निपाणीकडील कुटुंबांनी कोल्हापूरचाही विचार करावा; तेथे १८५२ पासून अमेरिकन मिशनचे कार्य होते. गोव्याहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आढळतील.

सरकारी दप्तरांचीही अशीच विभागणी झाली आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्यास १९७३ मध्ये कर्नाटक आणि शहरास २०१४ मध्ये बेळगावी हे नाव मिळाले. म्हणून एकाच घराण्याचे कागद मोडी, इंग्रजी व कानडी अशा तिन्हींत सापडतात आणि आडनाव प्रत्येक ठिकाणी निराळे लिहिलेले असते. केवळ नाव जुळले म्हणून नाते जुळले असे मानू नये. बापाचे नाव, गाव व काळ हेही जुळावेत. ऐकीव, लिखित आणि अनुमानित माहिती वेगवेगळी टिपावी.

येथे पाळकीय विवेकाचीही गरज आहे. रजिस्टरात पूर्वीची जात, दुष्काळात पोरके झालेले मूल, किंवा बापाच्या नावाची रिकामी जागा आढळेल. अशी नोंद खोडणे हे असत्य, आणि चारचौघांत वाचणे हे निर्दयपण होय. ज्याची ती नोंद, त्यालाच ती एकांतात दाखवावी. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तामार, राहाब व रूथ यांची नावे झाकली नाहीत, हे त्याला सांगावे. मात्र वंशावळींविषयी पौलाने तीमथ्यास दिलेला इशाराही विसरू नये.

एज्राच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काही याजकांना आपली वंशपत्रे सापडली नाहीत आणि त्यांना सेवेतून दूर राहावे लागले. आपल्या कपाटातील रजिस्टर वाळवीने खाल्ले, तर कोणाचा तरी आजा असाच कायमचा हरवेल. यास्तव जुनी रजिस्टरे कोरड्या जागी ठेवावीत, बाहेर नेऊ देऊ नयेत, आणि त्यांची एक नक्कल आजच करून ठेवावी.